इस्पितळातील खाटेचा कठडा

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या खानेसुमारीत १६ लाख ९६ हजार ७७७ भरली होती. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, ती १६ लाख १५ हजार ६९ वर उतरली. अवघा महाराष्ट्र वाढत असता जे मोजके जिल्हे घटले त्यांत रत्नागिरीची गणना होते, आणि याचे कारण दुष्काळ किंवा रोगराई नसून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मुंबईची वाट हे आहे, हे कोकणात कोणास सांगावयास नको. त्याच खानेसुमारीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रियांची नोंद झाली. कमावत्या वयाची माणसे बाहेर जातात, घर राखणारी मागे राहतात, आणि घर राखता राखता म्हातारी होतात. मग मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या नऊ तालुक्यांतील एखाद्या वाडीत, भातलावणीच्या ओल्या दिवसांत, अशा एखाद्या आजींना ताप भरतो, शेजारी रिक्षा करून त्यांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या इस्पितळात पोहोचवतात, आणि मुंबईचा मुलगा रात्रीच्या गाडीने येऊन पोहोचेपर्यंत त्या वृद्ध देहाची राखण ज्या वस्तूवर सोपवली जाते, ती वस्तू म्हणजे खाटेच्या दोन्ही अंगांस वर केलेला लोखंडी कठडा.

या कठड्याविषयी कोणी फारसा विचार केलेला नसतो. ‘रेलिंग वर करा’ एवढे तीन शब्द उच्चारले जातात, खटका बसल्याचा आवाज होतो, आणि डॉक्टर, सिस्टर, नातेवाईक या सर्वांना आपापले कर्तव्य पार पडल्याचे समाधान लाभते. तापाची साधी गोळी द्यावयाची झाली तरी कागदावर डॉक्टरांची सही लागते, वेळ लिहावी लागते, मात्रा लिहावी लागते. कठडा मात्र कोणीही, केव्हाही, कोणासाठीही वर करावा असा सार्वत्रिक शिरस्ता आहे, आणि तो का वर केला, किती वेळासाठी केला, याची नोंद बहुधा कोणत्याच कागदावर आढळत नाही. वस्तुतः हा कठडा म्हणजे एक उपचारच आहे. त्याला गुण आहेत तसे अवगुणही आहेत, आणि एकास तारक ठरणारा तोच उपाय दुसऱ्यास मारक ठरू शकतो, असे गेल्या काही दशकांच्या अनुभवाने वैद्यकशास्त्रास मान्य करावे लागले आहे.

मुळात पडण्याचा प्रश्न निर्माण होतो तो खाटेच्या उंचीमुळे. कोकणातील जुन्या घरांत माजघरात किंवा पडवीत जमिनीवर चटई, तीवर गोधडी, अशी शय्या असे. आजही पुष्कळ वृद्ध स्त्रिया पलंग असूनही खाली अंथरूण घालणेच पसंत करतात. अशा शय्येवरून कूस बदलताना माणूस घरंगळला तर जमिनीवर येतो, आणि तो जमिनीवरच असतो. इस्पितळातील खाट ही मात्र रुग्णाच्या सोयीने घडवलेली नसून, तपासणाऱ्या डॉक्टरांना आणि शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला कमरेतून वाकावे लागू नये या हेतूने घडवलेली असते. ती गादीसह सहज दोन फुटांवर जाते, आणि उंचीने लहान असलेल्या म्हाताऱ्या बाईचे पाय खाटेच्या कडेला बसल्यावर जमिनीला टेकतच नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाची खाट घरातल्या कोचापेक्षा उंच असू नये असे आवर्जून सांगितले होते, आणि त्यामागची त्यांची विचारसरणी मोठी मार्मिक होती: खाट बुटकी असेल तर अशक्त रुग्णही दिवसातून दोनदा खाली उतरून चार पावले टाकील, उंच असेल तर तेवढेही त्याला जड जाईल. त्या उपदेशाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. २००७ साली आपल्या संसदेने माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाहविषयक कायदा केला, त्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठ नागरिकांना शक्यतोवर खाट मिळावी अशी तजवीज आहे. ती खाट किती उंच असावी याविषयी कायदा काही बोलत नाही, आणि कायद्याकडून तशी अपेक्षाही कोणी करू नये, परंतु खरेदीचे कागद जे रंगवतात त्यांच्याकडून करावयास हरकत नाही.

कठड्याचा पूर्वेतिहास काहीसा काळवंडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील एका वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर ओबानेल यांनी अस्वस्थ रुग्णांसाठी झाकणाची खाट बनवली, आणि १८४६ च्या सुमारास अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका येथील रुग्णालयाने तिचे अनुकरण केले. चारही बाजूंस लाकडी पट्ट्या आणि वरून पट्ट्यांचेच कुलूपबंद झाकण, असा तो पिंजरा ‘यूटिका क्रिब’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. रुग्ण त्यात सुरक्षित राहतो, त्याला विश्रांती मिळते, असेच त्याचे समर्थन केले जात असे. १८८७ साली त्याच रुग्णालयाचे अधीक्षक ब्लूमर यांनी हे पिंजरे काढून टाकले. योगायोग असा की आदल्याच वर्षी, १८८६ मध्ये, रत्नागिरीत मनोरुग्णालयाची स्थापना झाली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने याच गावात नजरकैदेत आणून ठेवले ते सालही हेच. समुद्रकाठच्या या शांत गावाला बंदिवासाचे दोन निराळे प्रकार एकाच वर्षी पाहावयास मिळाले.

साध्या इस्पितळांतून कठड्याचा प्रसार झाला तो पुढे, विसाव्या शतकाच्या मध्यास, अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकांची टंचाई झाली, मोठमोठ्या वॉर्डांवर एकेकटीला नजर ठेवणे अशक्य झाले. तशातच रुग्ण पडला तर नुकसानभरपाईचा दावा इस्पितळावर येऊ लागला. तेव्हा साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या खाटेला रात्री कठडा हा नियमच होऊन बसला. माणसांच्या अभावी लोखंड उभे राहिले, असा या प्रथेचा उगम आहे. तो ध्यानात ठेवला की पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. कठड्यामुळे पडणे खरोखर थांबते काय, याची शहानिशा मात्र पुढे कित्येक वर्षे कोणी केली नाही.

शहानिशा झाली ती मृत्यूंच्या नोंदींमुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ साली पहिला इशारा प्रसृत केला, आणि १९८५ च्या आरंभापासून २००९ च्या आरंभापर्यंतच्या २४ वर्षांचा जो हिशेब त्याने मांडला त्यात रुग्ण खाटेच्या सांगाड्यात किंवा कठड्यात अडकल्याच्या, गुरफटल्याच्या अथवा त्याचा गळा आवळला गेल्याच्या ८०३ घटना नमूद आहेत. त्यांपैकी ४८० माणसे दगावली, १३८ जखमी झाली, आणि उरलेली १८५ केवळ कोणीतरी वेळेवर धावून आले म्हणून बचावली. बळी पडलेल्यांत बहुसंख्य होते ते अशक्त, वृद्ध किंवा बुद्धिभ्रंश झालेले रुग्ण. कोट्यवधी खाटांच्या मानाने ही संख्या अल्प आहे हे खरे. परंतु ज्यांच्या रक्षणार्थ कठडा लावला त्यांचाच तो घात करतो, ही गोष्ट संख्येच्या अल्पतेने क्षम्य होत नाही. हा प्रकार जुन्या काळाबरोबर संपला असेही नाही. ब्रिटनच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियंत्रक संस्थेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये जो राष्ट्रीय इशारा दिला, त्यात २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत खाटा, कठडे आणि तत्सम साधनांमुळे झालेल्या १८ मृत्यूंचा आणि ५४ गंभीर दुखापतींचा उल्लेख आहे.

अपघात घडतो कसा, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. वृद्ध रुग्ण रात्री चुळबुळ करीत कडेला सरकतो. गादी कडेला दबते. गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट पडते. त्या फटीत प्रथम पाय किंवा कंबर उतरते, शरीराच्या भाराने देह खाली घसरत जातो, आणि खांदे व मान यांच्यापाशी अडकतो. तरुण माणूस हाताच्या एका रेट्याने स्वतःला सोडवील. ऐंशी वर्षांच्या, हातात सलाईनची सुई असलेल्या, झोपेच्या औषधाने अर्धवट गुंगलेल्या माणसात तेवढे त्राण नसते. छाती वा गळा दाबला गेल्यामुळे हाक मारता येत नाही, आणि म्हणून असे मृत्यू पाचपन्नास माणसांच्या वॉर्डातही निःशब्दपणे घडून जातात. अमेरिकन प्रशासनाने २००६ साली अडकण्याच्या अशा सात जागा निश्चित केल्या: कठड्याच्या दोन गजांमधली, कठड्याखालची, कठडा आणि गादी यांच्यामधली, कठड्याच्या टोकाखालची, दोन तुकड्यांच्या कठड्यातील मधली, कठड्याचे टोक व उशापायथ्याची फळी यांच्यामधली, आणि फळी व गादी यांच्यामधली. डोके अडकू नये यासाठी गजांमधील अंतर १२ सेंटिमीटरांहून, म्हणजे पावणेपाच इंचांहून, कमी असावे, आणि कठड्याच्या टोकाखाली मान अडकू नये म्हणून तेथील फट ६ सेंटिमीटरांहून कमी असावी, असे माप घालून दिले. हे माप घेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. शिंप्याची फीत पुरते. आपल्याकडे अजूनही वापरात असलेल्या जुन्या लोखंडी खाटांपैकी ज्यांना स्थानिक फॅब्रिकेटरकडून मागाहून कठडे जोडून घेतले आहेत, त्यांना ही फीत एकदा लावून पाहिली तर पुष्कळ उद्‌बोधक माहिती हाती येईल.

अडकण्याहून अधिक वेळा घडते ते ओलांडणे. लघवीची भावना झालेला, परंतु आपण कोठे आहोत याचे भान हरपलेला मनुष्य कठडा पाहून थांबत नाही. तो त्यावर चढतो. कठडा गादीच्या वर साधारण वीतभर किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे जो दोन फुटांवरून पडला असता तो आता तीन फुटांवरून, तेही पाय वर अडकून डोक्याच्या किंवा खुब्याच्या भाराने, कोसळतो. लुगडे नेसणाऱ्या बाईचा सोगा किंवा धोतराचा काठ खटक्यात अडकला तर विचारावयासच नको. काहीजण पायथ्याकडच्या मोकळ्या जागेतून सरपटत उतरू पाहतात आणि तेथून पडतात. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे डॉक्टर हँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या वॉर्डांत कठड्यांचा वापर जाणीवपूर्वक घटवून पाहिला आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पडण्याचे प्रमाण लक्षणीय बदलले नाही, मात्र गंभीर दुखापती कमी झाल्या.

तथापि येथे एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी घेण्याचा मोह आवरला पाहिजे. कठडे म्हणजे केवळ क्रौर्य, ते सर्वत्र उपटून टाकावेत, अशीही एक लाट मध्यंतरी पाश्चात्त्य देशांत येऊन गेली. हीली, ऑलिव्हर आदी संशोधकांनी २००८ साली तोवरचा सारा पुरावा एकत्र करून तपासला, तेव्हा असे दिसले की प्रत्यक्ष कठड्यामुळे होणाऱ्या गंभीर इजा बहुतांशी जुनाट बनावटीच्या किंवा चुकीच्या रीतीने जोडलेल्या कठड्यांमुळे होतात, आणि सरसकट कठडे काढून टाकल्याने रुग्णांचे भले होते असे सिद्ध होत नाही. म्हणजे प्रश्न कठडा असावा की नसावा असा नसून, कोणाला असावा हा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००७ साली याचा जो निवाडा केला तो मला सर्वांत समंजस वाटतो. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही, गुंगीत आहे, शस्त्रक्रियेनंतर पुरता शुद्धीवर यावयाचा आहे, किंवा ज्याला ट्रॉलीवरून नेले जात आहे, त्याला कठडा हवा. तो घरंगळण्यापासून वाचतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णाने धरून कुशीवर वळण्यासाठी मागितला तर त्याला अवश्य द्यावा, कारण तो त्याचा अधिकार आहे. जो चालू शकतो परंतु ज्याची मती भ्रमित झाली आहे, त्याला मात्र कठडा लावू नये. आणि नेमका त्यालाच आपण तो सर्वप्रथम लावतो.

वय हे तर कठड्याचे कारण मुळीच होऊ शकत नाही. याच जिल्ह्यातील शेरवली गावी १८५८ साली जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे १९६२ पर्यंत, म्हणजे एकशेचार वर्षे, जगले. कागदावरचे जन्मसाल पाहून खटका चढवणाऱ्या शिरस्त्याने त्यांना आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे कठड्याआड काढावी लागली असती.

आता या मतिभ्रमाचा विचार केला पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. ज्याला आपली माणसे ‘वात झाला’ किंवा ‘बरळायला लागले’ म्हणतात, ती अवस्था वृद्धांच्या इस्पितळवासात अत्यंत सामान्य आहे. सकाळी नीट बोलणारे आजोबा सायंकाळी परसातल्या गाईला दावे बांधण्यासाठी उठू लागतात, सलाईनची नळी ओढतात, सख्ख्या मुलास ओळखत नाहीत, आणि पहाटे पुन्हा शुद्धीवर येतात. हे वेड नव्हे, आणि पुष्कळदा वार्धक्यातला कायमचा बुद्धिभ्रंशही नव्हे. शरीरात चाललेल्या एखाद्या बिघाडाची ती मेंदूने दिलेली वर्दी असते. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, लघवीच्या गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम उतरणे, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा मलावरोध, शरीरातील पाणी कमी होणे, झोपेच्या किंवा सर्दीच्या औषधाचा परिणाम, यांपैकी एखादे कारण शोधल्यास बहुधा सापडते. त्यात भर म्हणजे चष्मा घरी राहिलेला, कानाचे यंत्र पिशवीत, कवळी डबीत, रात्रभर जळणारे दिवे, आणि आजूबाजूस सारे अनोळखी चेहरे. अशा स्थितीत दोन्ही बाजूंस गज उभे केले की भ्रमात असलेल्या मनाला आपण कोंडले गेलो आहोत एवढेच कळते, आणि त्याची सुटण्याची धडपड दुणावते. पुढची पायरी म्हणजे हाताला बँडेजची पट्टी गुंडाळून ती त्याच कठड्याला बांधणे. कठडा हा बंधनाचा खुंटही असतो, ही गोष्ट त्याच्या समर्थनात कोणी बोलत नाही.

याला दुसरा मार्ग आहे, आणि तो कल्पनेतला नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टर शॅरन इनूय यांनी सत्तर वर्षे व त्यापुढील ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला आणि १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध काही नव्हते. रुग्णाला वार, वेळ, ठिकाण यांची वारंवार आठवण देणे, चष्मा व श्रवणयंत्र हाती देणे, पाणी पाजणे, दिवसातून काही वेळा उठवून चालवणे, रात्री झोपेची गोळी न देता गरम पेय व शांतता देणे, एवढाच तो उपचार. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात वात होण्याचे प्रमाण शेकडा ९.९ आढळले, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत शेकडा १५. ही सारी कामे परिचारिकेनेच केली पाहिजेत असे नाही. तेथे प्रशिक्षित स्वयंसेवकांनी त्यांतील बराच भार उचलला. आपल्याकडे याबाबतीत एक सुदैव आहे, जे त्या देशांना पैसे मोजून विकत घ्यावे लागते: आपल्या वॉर्डात रुग्णाच्या खाटेशेजारी चटई टाकून निजणारे घरचे माणूस असते. कान सावध ठेवून निजलेल्या त्या सुनेइतका किंवा बहिणीइतका विश्वासू कठडा अद्याप कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही. दुर्दैव एवढेच की अतिदक्षता विभागात, जेथे वात होण्याचा संभव सर्वाधिक, तेथूनच या सोबत्याला बाहेरच्या बाकावर पाठवले जाते. आणि ज्यांची मुले मुंबईत, त्यांच्यापाशी चटई टाकावयास पुष्कळदा कोणीच नसते.

कठड्याचा एक तोटा सावकाश होत असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही. उठण्याची वाट बंद झाली की माणूस निजून राहतो, आणि निजून राहिला की पाय जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील मांस सरासरी सुमारे एक किलो घटले. हे निरोगी माणसांचे झाले, आजाऱ्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. न्युमोनिया बरा होतो, परंतु जो मनुष्य चालत रिक्षात बसला होता तो उचलून घरी न्यावा लागतो, आणि कुटुंबीय ‘आजाराने खचले’ एवढेच म्हणतात. शिवाय लज्जेचा प्रश्न आहे. ज्या बाईने साठ-सत्तर वर्षांत आडवे पडून कधी मूत्रविसर्जन केलेले नाही, तिला पडद्यावाचून, परपुरुषांच्या वॉर्डशेजारी बेडपॅन वापरण्यास सांगितले, तर ती पाणी पिणेच सोडते. पाणी सुटले की वात येतो. आणि वात आला म्हणून कठडा वर जातो. या चक्राला आरंभ कोठून झाला हे मग कोणीच तपासत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही येथे एक विलक्षण विसंगती आहे, आणि ती रत्नागिरीत विशेष स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, येरवडा, नागपूर ही अन्य तीन) सर्वांत लहान, ३६५ खाटांचे, या गावात आहे. तेथील रुग्णाला बांधून ठेवावयाचे झाले तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ९७ वे कलम आडवे येते: तत्काळ इजा टाळण्याचा तोच एक उपाय असला पाहिजे, मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी हवी, आवश्यक त्याहून अधिक वेळ बंधन ठेवता येत नाही, कारण व कालावधी दप्तरी नमूद केला पाहिजे, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवले पाहिजे, आणि शिक्षा म्हणून किंवा केवळ नोकरवर्ग अपुरा आहे या सबबीवर बंधन घालता येत नाही. हे शेवटचे वाक्य सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. परंतु त्याच गावातील कोणत्याही साध्या वॉर्डात तापाने वात झालेल्या शेतकऱ्याला दोन्ही कठडे वर करून, हात बांधून ठेवले, तर यांपैकी एकही प्रश्न सहसा विचारला जात नाही. मनोरुग्णाला जे संरक्षण संसदेने दिले ते साध्या वृद्ध रुग्णाला अद्याप लाभलेले नाही. रुग्णालयांच्या राष्ट्रीय मान्यता मंडळाचे म्हणजे एनएबीएचचे निकष बंधनाविषयी लिखित धोरण मागतात, हे खरे. पण ते निकष स्वेच्छेने पत्करलेल्या संस्थांपुरते. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. उद्याचे डॉक्टर येथेच घडणार. त्यांच्या पहिल्या वर्षांतच, औषधाच्या मात्रेइतक्याच गांभीर्याने, कठड्याचा हुकूम कारणासह लिहिण्याची सवय त्यांना लावली तर सरकारी तिजोरीवर एका पैशाचाही बोजा पडणार नाही.

परिचारिकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरकडे सारा वॉर्ड, इंजेक्शने, नव्या दाखल रुग्णांचे कागद आणि एखादा अत्यवस्थ रुग्ण एवढे सोपवून, शिवाय कोणी पडल्यास कैफियत तिच्याकडूनच मागण्याचा रिवाज जोवर आहे, तोवर ती कठडा वर करणारच, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. यासाठी पडण्याची चौकशी कसुरीच्या शोधासाठी न करता कारणाच्या शोधासाठी झाली पाहिजे, आणि खाली-वर होणाऱ्या थोड्या तरी बुटक्या खाटा प्रत्येक वृद्धकक्षात असल्या पाहिजेत. केवळ बुटक्या खाटा आणून पडणे कमी झाल्याचे मात्र ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. खाट बुटकी आणि माणूस अनुपस्थित, अशी अर्धी व्यवस्था कामास येत नाही.

इस्पितळातून सुटका झाल्यावर हाच प्रश्न घरी येतो. हल्ली गावोगावच्या सेवाभावी संस्था अनामत रक्कम घेऊन कठड्याची खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची वापरावयास देतात, आणि ही फार मोलाची सोय आहे. पण तेथे खाट एकीकडची, गादी दुसरीकडची, असा मेळ जमवला जातो. खाटेपेक्षा चार बोटे अरुंद असलेली काथ्याची गादी घातली की कडेला नेमकी ती घातक फट तयार होते. शय्याव्रण टाळण्यासाठी वापरण्याची हवेची गादी तर कडेला बसताच दबते, आणि मूळ गादीवर घातल्यास रुग्णाला इतके उंच नेते की कठडा नावापुरताच उरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कठड्याची वरची कड गादीच्या पृष्ठभागापासून किमान २२ सेंटिमीटर वर असावयास हवी. घरचे म्हातारे माणूस हिंडतेफिरते असेल, परंतु रात्री गोंधळत असेल, तर कठड्याच्या खाटेच्या शोधात न पडता बुटका पलंग भिंतीला लावावा, किंवा सरळ जमिनीवर जाड अंथरूण घालावे. गुडघ्यांना उठणे अवघड जात असेल तर पलंगच बरा. बाजूस मंद दिवा असावा, पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हाताशी येईल अशी बॅटरी असावी, मोरीपर्यंतची वाट कोरडी आणि अडगळीवाचून असावी.

आणि ज्यांचे कोणी आज इस्पितळात आहे त्यांनी संकोच न बाळगता सिस्टरांना विचारावे की कठडा कशासाठी लावला आहे, तो एका बाजूचा उतरवला तर चालेल काय, खाट आणखी खाली घेता येईल काय. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र घरून आणून द्यावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत, विशेषतः झोपेच्या. रात्री दिवे मालवण्यापूर्वी आपल्या माणसाला हाताला धरून लघवीला नेऊन आणावे, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा एकदा विचारावे; रात्री खाटेवरून उतरू पाहणाऱ्या पुष्कळशा वृद्धांना मोरीकडेच जावयाचे असते.